बारा तासांची भट्टी

त्यांना "झालं का?" असं विचारलेलं चालत नसे. पाहुण्यांपैकी कुणी भट्टीजवळ येऊन तसं विचारलं की ते खुर्चीतून उठायचे, विचारणाऱ्याला हाताला धरून फाटकापर्यंत न्यायचे आणि तुंगार्लीच्या तळ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "एक चक्कर मारून या." माणूस चक्कर मारून आला आणि पुन्हा तेच विचारलं, की पुन्हा फाटक. एका शनिवारी मुंबईच्या एका गृहस्थांना तीनदा फाटकाबाहेर जावं लागलं. चौथ्यांदा ते आले आणि काही न बोलता भट्टीपासून दहा पावलांवर मांडी घालून बसून राहिले. तेव्हा कुठे त्यांना चहा मिळाला.

सगळे त्यांना चीफ म्हणत. आयुष्य मालवाहू जहाजांवर स्वयंपाक करण्यात गेलेलं. ज्या कॅप्टनच्या हाताखाली ते सगळ्यात जास्त राहिले, त्या कॅप्टननेच निवृत्त झाल्यावर लोणावळ्याजवळ तुंगार्लीत बंगला घेतला आणि मागच्या अंगाची एक खोली यांना दिली. कॅप्टन गेले. त्यांच्या मुलीने, म्हणजे आमच्या मॅडमनी, बंगला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. मॅडम मुंबईत राहत. चीफ खोलीसकट बंगल्याबरोबर आले होते, जसं विहिरीसकट शेत येतं.

मी त्या बंगल्याची मॅनेजर. बुकिंग घ्यायचं, चादरी मोजायच्या, गॅस, पाण्याचा टँकर आणि पाहुण्यांच्या तक्रारी. पवनेच्या बाजूला आमचं गाव आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम., फर्स्ट क्लास. हे मी सगळीकडे सांगते आणि इथेही सांगते, कारण ते फुकट मिळालेलं नाही. चीफ मला नावाने कधी हाक मारत नसत, "ग्रॅज्युएट" म्हणत. आधी मला वाटलं, चिडवतायत. मग कळलं, जहाजावर माणसाला त्याच्या कामाने हाक मारतात. माझं काम नक्की काय ते त्यांना कळलं नव्हतं, म्हणून त्यांनी शिक्षणावर भागवलं.

खाली वलवण गावात त्यांना कुणी जात विचारली तर ते सांगत, "जहाज." विचारणारा हसला तर तेही हसत. विचारणारा हसला नाही तर म्हणत, "इंजिनरूम नव्हे हां, गॅली. जहाजाचं स्वयंपाकघर."

लोणावळ्यात बार्बेक्यू म्हणजे काय, ते कुठल्याही बंगल्याच्या मॅनेजरला विचारा. पत्र्याची सिगडी, पोतंभर कोळसा, सळईला टोचलेलं पनीर आणि चिकन, आणि मोठा स्पीकर. तासाभरात उरकतं. आमच्याकडेही ती सिगडी होती आणि जाहिरातीत मी ते मोठ्या अक्षरांत लिहायचे. चीफने ती जाहिरात माझ्या फोनवर वाचली आणि मला समोर बसवलं. म्हणाले, "हे भाजणं आहे. भाजणं काही वाईट नाही. तुझी आई वांगं भाजते. ती त्याला दुसरं नाव देते का?"

त्यांचं खरं बार्बेक्यू बंगल्याच्या मागे होतं. त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली विटांची लांबट भट्टी. एका टोकाला जाळाचा कप्पा, दुसऱ्या टोकाला धुरांडं, मध्ये जाळी आणि वर दोन माणसांनी उचलायचं लोखंडी झाकण. जाळ एका खोलीत, मांस दुसऱ्या खोलीत, आणि दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही, असं ते सांगत. मांसाकडे जायचा तो फक्त धूर, तोही जांभळाच्या लाकडाचा. पांढरा धूर निघाला की ते कपाळाला हात लावत. धूर इतका पातळ आणि निळसर हवा की पाहुण्याने विचारलं पाहिजे, "विझलं की काय?"

हे ते शिकले टेक्सासच्या एका बंदरात. इंजिन बिघडल्यामुळे त्यांचं जहाज तिथे दोन महिने अडकलं होतं आणि धक्क्यावरचा एक म्हातारा पहारेकरी लोखंडी पिंपात छातीचं मांस बारा-बारा तास शिजवायचा. ब्रिस्केट. जनावराचा हा सगळ्यात कठीण भाग. चीफ स्वतःच्या छातीवर थाप मारून समजावत, की आपल्याला गळ्याखाली आडवं हाड असतं, जनावराला नसतं. पुढचा सगळा भार ते जन्मभर या स्नायूवर पेलतं. "ज्यानं एवढं वजन उचललं तो तुझ्या घाईनं मऊ होणार आहे का? घाईनं जे मऊ होतं ते आधीच मऊ होतं. त्यात तू काय केलंस?"

मीठ आणि जाडसर मिरपूड, बाकी काही नाही. एकदा मी आमच्या घरचा काळा मसाला सुचवला. त्यांनी डबी उघडली, मनापासून वास घेतला आणि तो मसाला संध्याकाळी स्वतःच्या आमटीत घातला. मांस शिजलं की नाही ते बघायला त्यांच्याकडे स्वेटर विणायची एक स्टीलची सुई होती. ती सुई मांसात जाताना हाताला काही कळलं, तर अजून झालं नाही. काहीच कळलं नाही, तर झालं.

मी ते खात नाही. आमच्या घरी मोठ्या जनावराचं चालत नाही, नावही काढत नाहीत. चीफने मला कधी "चाखून बघ" म्हटलं नाही. पहिल्या महिन्यात मी ओढणी नाकाला लावून मागच्या अंगणात जायचे, तेव्हा एवढंच म्हणाले की तुला येतोय तो वास जांभळाचा आहे, त्याला कशाला नावं ठेवतेस.

मांस म्हशीचंच असे, कायद्यात बसणारं. महिन्यातून दोनदा ते पुण्याला जाऊन परवाना असलेल्या दुकानातून आणत, आणि दुकानाची पावती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवत, ओळखपत्रासारखी. मांस पोटात जाईपर्यंत पावती गळ्यातून निघत नसे. मला ते आधी विचित्र वाटायचं. मग एका रविवारी दुपारी तीन मोटारसायकली फाटकाशी येऊन थांबल्या आणि त्यांतल्या एकीवर माझा चुलतभाऊ होता.

तो आत आला नाही. फाटकाच्या गजांमधून म्हणाला, "ताय, हितं काय शिजतंय? गावात लय बोलत्यात."

मटण, हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. तीन अक्षरं, आणि सगळं मिटलं असतं. मी तोंड उघडणार तोच चीफ मागून आले. गळ्यातली पावती काढून गजांतून त्याच्या हातात दिली. "म्हशीचं आहे. छातीचं. साडेपाच किलो. वाचता येतं ना? मोठ्यानं वाच, म्हणजे मागच्यांना पण कळेल."

माझ्या भावाने ती खरंच वाचली, मोठ्याने, तारखेसकट. मागचे दोघं गाड्या बंद न करता ऐकत होते. वाचून झाल्यावर चीफने पावती परत घेतली आणि विचारलं की संध्याकाळपर्यंत थांबणार असाल तर तिघांची ताटं लावतो. ते गेले. मी चीफवर चिडले. एका शब्दाने काम होत होतं, म्हटलं, तुम्हाला काय गरज होती? त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं चुकीची बेरीज केलेल्या पोराकडे बघतात. "काय वाढलंय ते सांगता येत नसेल तर वाढू नये, ग्रॅज्युएट."

त्या वर्षी डिसेंबरात मॅडमनी ठरवलं की भट्टी काढायची. धुराच्या तक्रारी येत होत्या, त्या जागी लाकडी ओटा आणि बसायच्या खुर्च्या करायच्या होत्या, आणि खोलीही पाहुण्यांना देता आली असती. चीफना त्या चिंचवडच्या एका वृद्धाश्रमात ठेवणार होत्या, चांगल्या. फोन स्पीकरवर होता. चीफ सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "खोली घ्या. मी कुठेही झोपीन. भट्टी राहू द्या."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांना वडिलांची आठवण झाली असावी. त्यांनी एक तोड काढली. जानेवारीत एका शनिवारी त्यांचे आठ पाहुणे येणार होते. त्यातले एकजण वीस वर्षं अमेरिकेत राहून आलेले आणि भारतात खरं बार्बेक्यू मिळत नाही असं सारखं म्हणणारे. चीफनी त्या दिवशी जेवण करायचं. त्या गृहस्थांना पटलं, तर बंगल्याची जाहिरातच त्या भट्टीवर करू. भट्टीही राहील, चीफही राहतील. नाही पटलं, तर सोमवारी गवंडी येईल.

म्हणजे एका जेवणावर आलं होतं सगळं. चीफना काही वाटत होतं की नाही, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. पण त्या आठवड्यात त्यांनी जांभळाची फाळकं तीनदा रचली आणि तीनदा मोडली.

लाकूड आणायची वरच्या वाडीतली एक ठाकर मावशी. डोंगरातल्या लाकडाचं तिला जेवढं कळतं तेवढं मला अजूनही कशातलंच कळत नाही, हे आज मान्य करते. तेव्हा करत नव्हते. त्या आठवड्यात वर कुणाच्या तरी प्लॉटवर मशीनने झाडं पाडली होती आणि तिथून तिने जांभूळ आणलं. भिंतीशी एक मोठा ढीग. ढिगापासून हातभर लांब दोन ओंडके वेगळे ठेवलेले, हिरव्या वेलाने बांधलेले. मी ते बघितलं आणि मनाशी नोंद केली की चीफसाठी निवडक लाकूड वेगळं बांधून ठेवलंय.

शनिवारी पहाटे पाचला त्यांनी मांस चढवलं. मी आठला पोचले तेव्हा धूर इतका पातळ होता की मलाही विचारावंसं वाटलं. मी माझ्या पैशाने एक थर्मामीटर मागवला होता, सळई मांसात आणि तबकडी बाहेर. चीफनी तो लावू दिला, स्वतः एकदाही बघितला नाही. अकराच्या सुमाराला काटा अडुसष्टवर आला.

आणि त्याच वेळी पोलीस चौकीवरून फोन आला. कुणीतरी तक्रार केली होती की बंगल्यात गाईचं शिजतंय. फार काही नाही, कागद दाखवून जा, असं समोरचे नीटच बोलले. तक्रार माझ्या भावाने केली असं तेव्हा मला वाटलं. मी त्याला कधी विचारलं नाही.

चीफनी पांढरा शर्ट घातला, पावती गळ्यात तपासली. जाळाच्या कप्प्याशी पाच फाळकं ओळीने मांडली. तासाला एक, म्हणाले. मग तबकडीकडे बोट दाखवलं. "हा आता थांबेल. मांसाला घाम सुटतो तेव्हा गरमी पुढे सरकत नाही. कितीही वेळ थांबेल. थांबू दे. तू पण थांब."

"किती वेळ?" मी विचारलं.

त्यांनी फाटकाकडे बघितलं. मला तळ्यावर पाठवावं की काय असं त्यांना वाटलं असणार. पण रिक्षा आली होती.

बारा वाजता अडुसष्ट. साडेबाराला अडुसष्ट. एक वाजता सदुसष्ट. काटा खाली आला होता. मी हिशेबाची बाई. पंच्याण्णवला व्हायचं, साडेसहाला ताटं, सहा तासांत कुठे अडुसष्ट झालं होतं, अजून सत्तावीस अंश बाकी होते, आणि आता दोन तासांत वजा एक. कागदावर मांडलं तर हे जेवण दुसऱ्या दिवशी व्हायला हवं होतं. मॅडमचा मेसेज आला, सगळे खूप उत्सुक आहेत. मी चीफना फोन लावला, तो त्यांच्या खोलीत वाजला.

त्यांनी सांगितलेलं मला आठवत होतं. विसरले असं मी म्हणणार नाही. मला वाटलं, म्हातारे आहेत, अंदाजाने बोलतात, माझ्यासमोर आकडा आहे. मी एकदम तीन फाळकं घातली. मग उरलेली घातली. काटा सत्तरवर गेला आणि मला इतका आनंद झाला की मी वेळ न घालवता भिंतीशी गेले. नेहमीच्या ढिगाला हात लावला नाही. म्हटलं, आज चांगलंच घालू. वेल तोडला आणि ते दोन ओंडके जाळात सारले.

धूर दाट झाला, पिवळट. सालीतून काळा रस फेसाळत बाहेर आला. मी वाकून फुंकत होते. काटा चढत होता. शहात्तर. ऐंशी.

अडीचला मावशी तिचं दोरखंड न्यायला आली. अंगणाच्या कोपऱ्यावरच थांबली, पदर तोंडावर घेतला आणि तिथूनच म्हणाली, "बाजूला हो. धुरात हुबी ऱ्हाऊ नगं. कुनी घातलं त्ये?"

मी म्हटलं, मी.

"त्यो बिब्बा हाय."

बिब्बा मला माहीत होता तो वाण्याकडे मिळणारा, काळा, दृष्ट काढायला दाराला बांधतात तो. त्याला एवढं मोठं झाड असतं आणि त्या झाडाचं लाकूड कुणी चुलीत घालत नाही, हे माझ्या आईलाही माहीत असणार. मला नव्हतं. मावशीने लांब काठीने ते ओंडके बाहेर ओढले, त्यांच्यावर माती लोटली. मग मला नळाशी नेऊन साबणाने हात-तोंड धुवायला लावलं आणि स्वयंपाकघरातून खोबरेल आणून चोळलं. चोळताना बोलत होती. मशीनवाल्यांच्या ढिगात ते दोन आले होते, इथे उतरवल्यावर तिच्या ध्यानात आलं, म्हणून वेल बांधून वेगळे काढले, परत न्यायला. वेल बांधलेलं लाकूड जाळायचं नसतं. वाडीतल्या लहान पोराला ठाऊक असतं. तिच्या दिराने एकदा शेकोटीत बिब्बा घातला होता, तर घरातल्या सगळ्यांचे डोळे आठ दिवस उघडले नाहीत.

"आणि ते मांस?" मी विचारलं.

"धूर त्येनंबी खाल्ला न्हवं?"

"पण मला तर काहीच होत नाहीये."

"आज न्हाई व्हत. उद्या न्हाईतर परवा उततंय, अंग सुजून फोड येत्यात."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला तो सांगते. पाहुणे उद्या दुपारी मुंबईला जाणार होते. परवा त्यांना काहीही झालं असतं तरी ते इथल्या जेवणाने झालं हे कुणी म्हटलं नसतं. आज रात्री भट्टी वाचली असती, चीफ वाचले असते, मीही वाचले असते. मावशीला मी म्हटलं, चीफना सांगू नकोस.

ती दोरखंड गुंडाळत होती. "मी कशाला सांगू? तुजं त्वांड हाय की."

चीफ चार वाजता आले, खुशीत. चौकीत दोन तास बसवून ठेवलं, मग पावती बघून सोडलं, आणि तिथल्या एका हवालदाराने बार्बेक्यू म्हणजे काय ते बारकाईने विचारून घेतलं म्हणे. ते थेट भट्टीशी गेले. झाकण आम्ही दोघांनी उचललं. मांस काळं, चमकणारं, दगडासारखं दिसणारं. त्यांनी जरा वेळ बघितलं. "रंग जास्त चढलाय. धूर दाट झाला होता का?"

"थोडा," मी म्हटलं.

त्यांनी सुई खुपसली. ती आपल्या वजनाने आत गेली. मी त्यांच्याकडे बघत होते. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जमलं, ग्रॅज्युएट."

त्यांनी मांस स्वच्छ कापडात गुंडाळलं आणि लाकडी पेटीत ठेवलं, तासभर विसाव्याला. मग आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून आले. साडेपाचला गाड्या आल्या. मॅडम, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा, पाहुणे. अमेरिकेचे गृहस्थ सरळ मागच्या अंगणात आले, पेटीवर वाकले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हाच वास." मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. मुलगा विचारत होता, मला पहिला तुकडा मिळेल का. चीफ त्याला म्हणाले, तुलाच मिळेल.

मी चीफना नळामागे बोलावलं आणि सांगितलं. सगळं, वेल, ओंडके, मावशी काय म्हणाली ते, आणि मी तिला काय म्हणाले तेही.

ते ओरडले नाहीत. किती वेळ धूर लागला, ते विचारलं. मी किती वेळ त्यात उभी होते, ते विचारलं. मग साबण घेतला, माझे दोन्ही हात पुन्हा कोपरापर्यंत धुतले, नखं बघितली, आणि ओल्या हातांनीच पाहुण्यांसमोर जाऊन उभे राहिले.

"आज जेवण मिळणार नाही. लाकूड चुकीचं गेलं. मांस विषारी झालेलं असू शकतं."

कुणाकुणाला आधी ही गंमत वाटली. मॅडमनी त्यांना बाजूला घेतलं. मी जवळच उभी होते. त्या हळू आवाजात म्हणत होत्या की वरचा थर कापून टाका आणि आतलं द्या, आत कशाला काय होतंय, असं कुणाला काही झाल्याचं कधी ऐकलंय का?

"मला माहीत नाही," चीफ म्हणाले.

"मग?"

"म्हणूनच देत नाही."

मॅडमचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी विचारलं, लाकूड कुणी घातलं? आणि हे विचारताना त्यांनी आमच्या दोघांकडे बघितलं.

मी पन्नास माणसांसमोर बोलू शकते. कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं घेतली आहेत. त्या वेळी माझं तोंड उघडलं नाही. चीफ म्हणाले, "भट्टी माझी आहे," आणि कुदळ आणायला गेले. कोपऱ्यात कमरेएवढा खड्डा करून त्यांनी ते मांस पुरलं, वर कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड रचले. पाहुणे तोवर हॉटेलात जेवायला निघाले होते. जाता जाता मॅडमनी मला सांगितलं, सोमवारी गवंडी सांगून ठेव. महिन्याअखेर खोली.

रविवारी मला काही झालं नाही. दुपारपर्यंत तर वाटायला लागलं की मावशीचं काहीतरीच होतं, आणि आपण एका बाईच्या बोलण्यावर सगळं घालवलं. मी तशी चिडूनच झोपले.

सोमवारी सकाळी उजवा डोळा उघडेना. डावा फटीएवढा. ओठ, कान, गळा, सगळं सुजून घट्ट झालेलं, हातांवर पाण्याचे फोड. आई किंचाळलीच नाही, नुसती खाली बसली. मग म्हणाली, "बिब्बा उतलाय. कुटं गेलतीस तू?" आधी दवाखाना झाला. इंजेक्शन, गोळ्या, मलम. डॉक्टर म्हणाले, धूर फुप्फुसात गेला नाही हे नशीब.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी मॅडमना व्हिडिओ कॉल केला. नुसता फोन केला असता तर बोलणं गोड करता आलं असतं. त्यांनी कॉल घेतला आणि मी कोण आहे ते त्यांना क्षणभर कळलं नाही.

मी म्हटलं, "मॅडम, लाकूड मी घातलं होतं. चीफ थांब म्हणाले होते, मी थांबले नाही. शनिवारी तुम्ही विचारलंत तेव्हा गप्प बसले. मला काढायचं तर काढा."

त्या माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "हे फक्त धुराने?"

"फक्त धुराने."

मागे कुठेतरी त्यांच्या मुलाचा आवाज येत होता, शाळेचा डबा शोधत होता. त्या वळून तिकडे बघत राहिल्या, कॉल चालूच होता. परत फिरल्या तेव्हा आवाज वेगळा होता. "त्यांना सांग, राहा म्हणावं. भट्टीही राहू दे. गवंड्याला परत पाठव."

मी म्हटलं, मीच जाऊन सांगते. मला धड दिसत नव्हतं. चुलतभावाने त्याच्या मोटारसायकलवर मागे बसवलं, चेहऱ्यावर ओढणी बांधून दिली. फाटकाशी तो थांबला. मी भिंतीला हात लावत मागे गेले.

छिन्नी-हातोड्याचा आवाज येत होता. मला वाटलं गवंडी लवकर आला. डाव्या डोळ्याच्या फटीतून बघितलं तर चीफ होते. तोंडाला ओलं फडकं, हातात रबरी मोजे. झाकण काढून लांब ठेवलेलं. धुरांडं उतरवलेलं. आतल्या बाजूने बिब्ब्याची काजळी धरलेली एकेक वीट सुटी करून ते पोत्यात भरत होते. मावशी पलीकडे उभी राहून दुसऱ्या पोत्याचं तोंड शिवत होती.

"चीफ, थांबा," मी म्हटलं. "मॅडमनी राहू दे म्हटलंय."

त्यांनी वळून माझा चेहरा बघितला. नीट, अगदी दोन्ही बाजूंनी. मग विचारलं, "कुणाला?"

"तुम्हाला. आणि भट्टीलाही."

त्यांनी हातोडा खाली ठेवला. मला वाटलं आता खुर्चीत बसतील. त्यांनी मोजा नीट वर ओढला, काजळीवरून अंगठा फिरवून तो माझ्यासमोर धरला, आणि हातोडा पुन्हा उचलला.

"मला ठीक आहे. भट्टीला नाही," ते म्हणाले, आणि पुढची वीट काढली.